चार इयत्तांचा एक वर्ग

प्राथमिक शिक्षकाविषयी समाजात दोन समज रूढ आहेत, आणि पुष्कळदा ते दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून ऐकावयास मिळतात. पहिला समज असा की, हे काम सोपे. मुळाक्षरे गिरवून घ्यावयाची, बेरीज-वजाबाकी घालून द्यावयाची, दुपारी घरी परतावयाचे, आणि वर उन्हाळ्याची, चवथीची, दिवाळीची नि नाताळची सुटी उपभोगावयाची. दुसरा समज असा की, हे काम पवित्र. शिक्षक म्हणजे स्वतः जळून दुसऱ्याला उजेड देणारी वात. पहिला समज शिक्षकाला कमी लेखतो, हे सहज ध्यानात येते. परंतु दुसऱ्या समजानेही त्याचे तेवढेच नुकसान होते, हे सहसा ध्यानात येत नाही. जळणे हेच ज्याचे कर्तव्य ठरविले, त्याला थकण्याचा अधिकार उरत नाही. आणि थकलेला असूनही न थकल्याचे सोंग जो आणतो, त्याच्या थकव्याची किंमत अखेर वर्गातील सर्वांत लहान, सर्वांत मुके असे मूल देते. प्राथमिक शिक्षकाने आपल्या जीवनाचा तोल कसा सांभाळावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ त्याच्या सुखाचा नाही, मुलांच्या हिताचाही आहे.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके नजरेसमोर ठेवणे सोयीचे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हा मुलूख पोर्तुगीज अमलाखाली गेला आणि 'नव्या काबिजादी'त मोडू लागला. राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज, घरची बोली कोकणी, आणि देवळात, कीर्तनात, नाटकात व पंतोजीच्या शाळेत मराठी, अशी येथील जीवनाची घडी पिढ्यानुपिढ्या बसली होती. पंतोजी धूळपाटीवर अक्षरे काढून घेई, पावकी-निमकी घोकून घेई. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात दयानंद बांदोडकर ह्यांचे पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले, आणि त्यानंतरच्या काळात खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या. ज्या वाडीवर आधी कंदिलाचा उजेडही जेमतेम होता, तेथे घंटा वाजू लागली. आज साठी ओलांडलेल्या पेडणेकर-डिचोलीकरांपैकी पुष्कळांच्या आयुष्याची पहिली पायरी ह्याच शाळांच्या ओट्यावर पडली आहे.

पुढे काळ पालटला. १९९० साली प्रादेशिक भाषांतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही ते खुले झाले. त्यावरील वादाचा विचार येथे कर्तव्य नाही. परिणाम मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. घरोघरी मुलांची संख्या घटली, आहेत त्यांचा ओढा शहरातील शाळांकडे वळला, आणि पटसंख्येअभावी कितीतरी सरकारी शाळांची दारे कायमची लागली. ज्या चालू आहेत, त्यांपैकी पुष्कळ शाळांत पहिली ते चौथी ह्या चारही इयत्ता मिळून पंधरा-वीस मुले असतात, आणि त्यांना शिकवावयास दोन शिक्षक, क्वचित एकच.

अशाच एका शाळेतील बाईंचा एक दिवस पाहू. ह्या बाईंना नाव नाही. ह्या दोन तालुक्यांतील अनेक बाईंच्या दिवसांतून त्यांचा हा दिवस जुळविला आहे, असे समजावे. त्यांचे घर डिचोलीस. नोकरीची पहिली वर्षे त्यांनी तेथल्याच खाणपट्ट्यात काढली. लोहखनिजाचे ट्रक शाळेच्या खिडकीखालून धावत, आणि फळ्यावर लिहिलेले अक्षर दुपारपर्यंत लाल धुळीने तांबूस होई. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मध्यंतरी सुरू झाल्या नि २०१८ च्या मार्चात पुन्हा थांबल्या. ज्या घराच्या अंगणात ट्रक नुसता उभा राहिला, त्या घरातील मुलाच्या वहीवर त्याची सावली पडल्यावाचून राहिली नाही. पुढे बाईंची बदली पेडणे तालुक्यात झाली. सकाळी साडेसहाच्या आत घर सोडावयाचे, म्हापशास कदंब बस बदलावयाची, शापोरा नदी ओलांडावयाची, आणि उतरल्यावर काजूच्या बागांतून पाऊण मैल चालावयाचे, हा त्यांचा नित्यक्रम झाला.

शाळा म्हणजे एक लांबट खोली, पुढे ओटा, मागे माड आणि एक फणस. पटावर सतरा मुले. पहिलीत पाच, दुसरीत चार, तिसरीत पाच, चौथीत तीन. दोन शिक्षिकांनी दोन-दोन इयत्ता वाटून घेतलेल्या. परंतु एक प्रशिक्षणास किंवा बैठकीस गेली, आजारी पडली, की उरलेलीच्या गळ्यात चारही इयत्ता. मोपाच्या पठारावर २०२२ च्या डिसेंबरात नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तेव्हापासून विमान डोक्यावरून गेले की चारही इयत्तांचे डोळे एकदम कौलांकडे वळतात, आणि त्यांना पुन्हा खाली आणावयास दोन मिनिटे लागतात.

चार इयत्ता एका वेळी शिकविणे म्हणजे काय, हे ज्याने केले नाही त्याला सांगून समजणे कठीण. पहिलीला अक्षर गिरवावयास द्यावे, तो दुसरीची बेरीज अडते. दुसरीकडे वळावे, तो तिसरीचे लेखन आटोपलेले असते आणि रिकाम्या हातांना खोड्या सुचू लागतात. चौथीला धडा वाचावयास सांगावे, तर पहिलीतील एखादे पोर शीसपेन हरवली म्हणून रडते. शिक्षकाचे लक्ष ही एक घोंगडी. एकीकडे ओढावी तो दुसरीकडे उघडे पडते.

हिशेब मांडून पाहिला म्हणजे ही ओढाताण अधिक स्पष्ट होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्या कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षात किमान दोनशे दिवस आणि आठशे तास अध्यापन झाले पाहिजे. म्हणजे दिवसाचे चार तास झाले. ह्या चार तासांत चार इयत्ता एकीकडेच सांभाळावयाच्या असतील, तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्यास शिक्षकाचा प्रत्यक्ष सहवास येतो एक तास. उरलेले तीन तास मूल स्वतःच्या हिमतीवर बसलेले असते. साठ मुलांपर्यंतच्या शाळेस निदान दोन शिक्षक द्यावेत असे तोच कायदा सांगतो. तसे दोघे असले तर हा वाटा दोन तासांचा होतो. दुसरा शिक्षक नसणे म्हणजे मुलाचा वाटा अर्ध्यावर येणे होय.

शिक्षकाने आठवड्यास किमान पंचेचाळीस तास काम करावे, आणि त्यांत पाठाच्या तयारीचा वेळही धरावा, असेही ह्या कायद्यात आहे. सहा दिवसांचे चोवीस तास अध्यापनास गेले, तरी एकवीस तास तयारीसाठी, वह्या तपासण्यासाठी व विचार करण्यासाठी उरावयास हवेत. ते कोठे जातात? हजेरीपट, पोषण आहाराची नोंद, यूडायसची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, मतदारयादीचे काम, तातडीचे म्हणून आलेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेगळ्या नमुन्यात मागितलेले तक्ते, ह्यांत ते जातात. ह्यांतील एकही काम सर्वस्वी निरुपयोगी नाही. परंतु थेंबाथेंबाने कळशी रिकामी व्हावी, तसा शिक्षकाचा दिवस गळत जातो.

श्रावणातील एका दिवशी असेच झाले. जोडीच्या शिक्षिका प्रशिक्षणास गेलेल्या. पाऊस कोसळत होता. दुपारी बारापूर्वी एक तक्ता पाठवावयाचा होता, आणि शाळेत मोबाइलला रेंज नसल्यामुळे तो पाठवावयास बाईंना छत्री घेऊन कुंपणाच्या कोपऱ्यात उभे राहावे लागत होते. दोन वेळा तक्ता परत आला. आदल्या रात्री घरी स्वतःच्या मुलीला ताप होता, झोप झालेली नव्हती. तिसऱ्या खेपेस ओल्या पायांनी त्या वर्गात शिरल्या, तेव्हा तिसरीतील एक मुलगा जागेवरून उठून उभा होता. चार दिवस त्याने घरचा अभ्यास केलेला नव्हता, आणि त्या दिवशी तर वहीच आणली नव्हती. बाईंनी विचारले, त्याने उत्तर दिले नाही. पुन्हा विचारले, तो खाली पाहत राहिला. तेव्हा बाईंच्या तोंडून शब्द निघून गेले, "तुझ्याने काही होणार नाही. उद्यापासून आला नाहीस तरी चालेल."

हात उगारला नव्हता. वर्गात क्षणभर शांतता पसरली, मग पहिलीचे गिरविणे सुरू झाले, आणि बाई ते विसरून गेल्या. कायद्याने शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळासही बंदी केली आहे, हे त्यांना ठाऊक होते. परंतु थकलेल्या माणसाच्या तोंडाला कायद्याचे कुलूप बसत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला नाही. पावसामुळे असेल, असे बाईंना वाटले. तिसऱ्या दिवशीही तो आला नाही. सतरांच्या पटात एक जागा रिकामी राहिली म्हणजे ती दिवसभर डोळ्यांत सलते. शाळा सुटल्यावर बाईंनी आपली बस सोडून दिली आणि त्या त्याच्या वाडीवर गेल्या.

घराशी पोहोचण्यापूर्वीच त्यांना मुलाचा आवाज ऐकू आला. सोप्यावर तो धाकट्या बहिणीला घेऊन बसला होता. कोळशाने भुईवर अक्षरे काढलेली होती. 'शाळा' हा खेळ चालला होता. बहिणीला 'म' काढता आला नाही, तेव्हा तो कमरेवर हात ठेवून, मान थोडी तिरकी करून, हुबेहूब बाईंच्या आवाजात म्हणाला, "तुझ्याने काही होणार नाही."

बाई अंगणातच थांबल्या. वर्गात आपण काय शिकवितो ह्याचा तक्ता त्यांनी अनेकदा भरून पाठविला होता. आपले कोणते शब्द मुलाच्या मनात टिकून राहिले आणि एका घराच्या सोप्यापर्यंत पोहोचले, हे त्यांना त्या क्षणी कळले.

आजीने बसावयास पाट मांडला, चहा ठेवला. मग उलगडा झाला. मुलाची आई बाळंतपणासाठी म्हापशाच्या रुग्णालयात होती, आणि बाप तिच्याजवळ. आजीला रात्रीचे दिसत नाही. गुरांना पाणी दाखविणे, बहिणीला भरविणे, कोंबड्या कोंडणे, हे सारे नऊ वर्षांच्या मुलावर आलेले. वही होती, परंतु ती गळक्या कोपऱ्यात भिजून गेली होती. हे वर्गात सर्वांदेखत सांगावयास त्याला लाज वाटली. "शाळेत का आला नाहीस?" असे बाईंनी विचारले, तेव्हा तो सरळपणे म्हणाला, "बाई, तुमींच सांगिल्लें मगे, येवं नाका म्हूण."

ह्यावर बाईंनी जे केले ते फारसे शिक्षक करीत नाहीत. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी बाई चुकल्या. तुझ्याने सारे होते, मी आताच पाहिले. तू शिकविलेला 'म' चांगला आहे. उद्या ये, आणि बहिणीलाही घेऊन ये." दुसऱ्या दिवशी मुलगा आला. बहीण अंगणवाडीच्या वयाची. ती आठ दिवस पहिलीच्या रांगेत पाटी घेऊन बसली, आणि ह्या बेकायदेशीर विद्यार्थिनीची नोंद कोणत्याही तक्त्यात झाली नाही.

गोष्ट एवढीच. परंतु त्या दिवसापासून बाईंनी आपल्या कामाची मांडणी नव्याने केली, आणि ती मांडणी कोणत्याही प्राथमिक शिक्षकाला विचारात घेण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट, त्यांनी सकाळची दहा मिनिटे राखून ठेवली. प्रार्थना झाली की पुस्तक उघडण्यापूर्वी मुलांनी फक्त बोलावयाचे. कोणाची गाय व्याली, कोणाचा बाप दूर कामावर गेला, कोणाच्या घरी वीज नव्हती. चाळीस मिनिटांच्या तासातून दहा मिनिटे गेली असे वरवर वाटते. वस्तुतः पुढच्या दिवसभरातील कितीतरी गैरसमज, दटावण्या नि रडणी त्या दहा मिनिटांत टळतात.

दुसरी गोष्ट, मुले समोर असताना तक्ता भरावयाचा नाही, असे दोघी शिक्षिकांनी आपसांत ठरविले. शाळा सुटल्यावर एक दिवस एकीने थांबावे, दुसऱ्या दिवशी दुसरीने. तसे केल्याने एखादा तक्ता दुसऱ्या दिवशी गेला. आभाळ कोसळले नाही. सगळेच काम तातडीचे मानले म्हणजे खरोखरीच तातडीचे कोणते, हे ओळखण्याची शक्तीच नाहीशी होते.

तिसरी गोष्ट, मोठ्यांनी लहानांना शिकवावे ह्यासाठी रोज पंधरा मिनिटे काढली. ही युक्ती काही नवी नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेच्या एका अनाथालयात अँड्र्यू बेल नावाचे पाद्री होते. त्यांनी देशी शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढताना पाहिली, आणि शिकलेल्या मुलाने नवशिक्याला शिकवावयाची पद्धत आपल्या शाळेत चालू केली. १७९७ साली त्यांनी ती पुस्तकरूपाने इंग्लंडात प्रसिद्ध केली, आणि 'मद्रास पद्धती' ह्या नावाने ती तेथील शेकडो शाळांत पसरली. ज्या धूळपाटीला पुढे आपल्याकडे मागासलेपणाची खूण मानण्यात आले, तिच्यापासून परदेशाने धडा घेतला होता. मात्र पंधरा मिनिटांची मर्यादा महत्त्वाची आहे. चौथीच्या मुलाला दिवसभर मास्तर केले, तर ती त्याच्या शिक्षणाची चोरी होईल. त्या भिजल्या वहीच्या मुलाकडे पहिलीचे 'म' अक्षर सोपविण्यात आले, हे सांगावयास नको.

चौथी गोष्ट भाषेची. पुस्तकात 'भात' आणि 'मासे' असतात. मूल 'शीत' आणि 'नुस्ते' म्हणते. त्याला चूक म्हणावयाचे की दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावयाचे? बाईंनी दुसरा मार्ग धरला. किनाऱ्याकडील हरमल-मोरजी भागात किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या वर्गांत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण तेथे कामासाठी आलेल्या कुटुंबांतील कन्नड आणि हिंदी बोलणारी मुलेही असतात. निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिकवावे, असे २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगते. परंतु एका खोलीत तीन मातृभाषा बसल्या असतील, तर धोरण तेथवर येऊन थांबते, आणि पुढचे पाऊल शिक्षकालाच टाकावे लागते. घरचा शब्द हसण्यावारी न नेता पुस्तकातील शब्दाचा पाहुणचार करावयाचा, एवढे पथ्य सांभाळले तरी मूल बोलते राहते. आणि बोलणारे मूल आज ना उद्या लिहिते होते.

पाचवी गोष्ट गावाची. पेडण्यात दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात, आणि रात्री दशावतारी नाटक उभे राहते. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग पेंगत असतो. पूर्वी बाई चिडत. आता त्या पहिला तास हलका ठेवतात, आणि मग काल रात्रीचा संकासूर कसा आला, काय बोलला, हे करून दाखवावयास सांगतात. जे पोर पुस्तकातील चार ओळी अडखळत वाचते, तेच संकासुराचे संवाद न अडखळता म्हणते. त्यांतील एक वाक्य फळ्यावर लिहिले की वाचनाचा पाठ तयार. जत्रा शाळेची वैरीण राहत नाही.

ही दृष्टी महाराष्ट्राला ताराबाई मोडकांनी फार पूर्वी दिली. भावनगरास गिजुभाई बधेकांच्या सहवासात बालशिक्षणाचे धडे घेतलेल्या ह्या विदुषी १९४५ साली बोर्डीस खेड्यातील मुलांसाठी काम करू लागल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ह्या शब्दाचा उगम तोच. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ ह्यांनी तर आपले उरलेले आयुष्य त्या टेकडीलाच वाहिले. मूल शाळेच्या साच्यात बसत नसेल, तर आधी साचा तपासावा, हे ह्या दोघींच्या कामाचे सार आहे. तसे पाहता श्रावणातील त्या दुपारी बाई मुलाच्या सोप्याशी गेल्या, ते पाऊलही ह्याच वाटेवरचे होते.

येथवर वर्गाचा तोल झाला. शिक्षकाच्या स्वतःच्या तोलाचे काय? बाईंनी सहावी गोष्ट ठरविली ती केवळ स्वतःसाठी. तपासावयाच्या वह्या शाळेतच तपासावयाच्या; सगळ्यांच्या सगळ्या रोज नव्हेत, तर आज दोन इयत्तांच्या, उद्या दोन. आणि म्हापशाहून डिचोलीस जाणाऱ्या बसमध्ये शाळेचा विचार करावयाचा नाही. त्या पाऊण तासात त्या एखादे पुस्तक वाचतात, कधी नुसत्या खिडकीबाहेर पाहतात. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून भाजी घेतात. घरी पोहोचतात तेव्हा स्वतःच्या मुलीला देण्यासाठी त्यांच्यापाशी थोडे मन शिल्लक असते. मुलीच्या आजारातली ती रात्र आणि शाळेतले ते कठोर वाक्य ह्यांचा संबंध त्यांनी स्वतःशी स्पष्टपणे मान्य केला होता. एका घरातील मुलाला न्याय देण्यासाठी दुसऱ्या घरातील मुलीवर अन्याय करावा, असे कोणत्याही धर्मात सांगितलेले नाही.

शिक्षकाला शाळेखेरीज स्वतःचे असे काही असावे, ह्याविषयी गोमंतकाला उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. बा. भ. बोरकर १९३० ते १९४५ ह्या काळात गोव्यातील शाळांत शिक्षक होते. १९३७ साली त्यांचा 'जीवनसंगीत' हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा ते मुलांना शिकवीतच होते. पुढे आकाशवाणीवर नोकरी करतानाही त्यांनी कविता सोडली नाही. सर्वांनाच कविता लिहिता येईल असे नाही. कोणी भजनी मंडळात टाळ धरील, कोणी परसात अबोली लावील, कोणी नाटकात पार्टी करील. ज्याच्या मनाला स्वतःचा ओलावा आहे, त्याच्याच शब्दांत ओलावा उतरतो.

तथापि ह्या सर्व गोष्टी शिक्षकावरच सोपवून समाजाला मोकळे होता येणार नाही. तोल सांभाळण्याचा उपदेश करणे आणि दुसऱ्या पारड्यात रोज नवे वजन टाकीत जाणे, ह्यांचा मेळ बसत नाही. एक शिक्षक प्रशिक्षणास पाठवावयाचा असेल, तर त्या दिवसापुरता बदली माणूस हवा. तीच माहिती तीन नमुन्यांत मागू नये. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचा उद्देश तिसरीअखेर प्रत्येक मुलास समजून वाचता यावे व हिशेब करता यावा हा आहे, आणि तो योग्यच आहे. पण हे काम अंतिमतः एका खोलीत, एका माणसाच्या धीरावर व्हावयाचे आहे, ह्याची आठवण वर बसलेल्यांना राहावी. गावानेही आपला वाटा उचलावा. जुन्या गावांनी आपल्या पंतोजीला सांभाळून घेतले होते. आजच्या शिक्षकाला पगार मिळतो. परंतु गळके कौल बदलावयास, एखाद्या आईच्या बाळंतपणात तिच्या मुलाला सकाळी शाळेत पोहोचवावयास, सरकारी हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या गावाची शाळा बंद पडते, त्या गावातील लहान मूल रोज सकाळी गावाबाहेर जाऊ लागते, आणि हळूहळू त्याचे मनही तिकडेच राहू लागते.

शिक्षकाला वातीची उपमा देणारे एक गोष्ट विसरतात. देवळातील नंदादीप रात्रंदिवस तेवतो तो वात मोठी असते म्हणून नव्हे. कोणीतरी त्यात वेळेवर तेल घालीत असते आणि काजळी झाडीत असते. तेल संपल्यावर जी जळते ती निव्वळ वात. तिचा उजेड थोडा, धूर फार.

त्या शाळेच्या पटावर आजही सतराच मुले आहेत. सोप्यावरची ती बहीण आता रीतसर पहिलीत आहे, आणि तिचा भाऊ चौथीत. ती कधी अडली, तर तो तिच्याजवळ जाऊन बसतो, आणि हळूच म्हणतो, "पुन्हा काढ. होईल." हेही शब्द त्याने बाईंकडूनच उचललेले आहेत.